वाट गावातून न्या: डोंगरातल्या पायवाटेवर छोट्या गावाचं उत्पन्न कसं उभं करायचं

पायी येणाऱ्या माणसांमुळे गावात चार पैसे येतात, हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडे निघणारे भाविक, श्रावणी शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर चालत जाणारी पोरं, पैठणहून पंढरपूरला निघणारी नाथांची पालखी या सगळ्यांच्या वाटेवर चहाची टपरी लागते, केळीवाला उभा राहतो, शाळेच्या ओट्यावर मुक्काम पडतो. पण ही गर्दी वर्षातल्या ठरावीक दिवसांचीच असते. डोंगर, धबधबा, लेणी, किल्ला पाहत हौसेनं चालणारा माणूस जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी येऊ शकतो. सातमाळ्याची रांग, गौताळ्याच्या कडेची गावं, म्हैसमाळ-सुलीभंजनचं पठार, बालाघाटातले सौताडा, कपिलधार, येडशीचा रामलिंग घाट, तिकडे माहूरचा डोंगर: चालायला जागांची ददात नाही. तरीही पावसाळ्यातल्या रविवारी या गावांच्या वाट्याला बहुतेक वेळा चिप्सची पाकिटं आणि फुटलेल्या बाटल्या येतात.

याचं कारण सरळ आहे. नुसती वाट काही कमवत नाही. चालणारा गावात थांबतो, बसतो, जेवतो आणि झोपतो, तिथे पैसा सुटतो. जगात ज्या वाटांनी गावं सावरली, त्यांनी हेच केलं. न्यूझीलंडमधल्या ओटागो भागात १९९० मध्ये रेल्वेमार्ग बंद पडला. रूळ काढून त्याच पट्ट्यावर १५२ किलोमीटरची चालण्याची आणि सायकलची वाट केली, ती २००० मध्ये खुली झाली. रेल्वे गेल्यावर ओस पडत चाललेल्या ठाण्यांवर जुन्या इमारतींत खोल्या आणि खानावळी सुरू झाल्या. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड ही सुमारे २४० किलोमीटरची वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. तिथे वाट बांधणं आणि वाटेवरची छोटी गावं तयार करणं ही दोन वेगळी कामं मानली गेली. गावांसाठी २००७ पासून वेगळा कार्यक्रम होता: वाटेवरून गावात कसं वळायचं त्याच्या पाट्या, सायकल टेकवायची जागा, दुकानं कधी उघडी ठेवायची याची आखणी. आपल्याकडे वाटेचा निधी येतो, उद्घाटन होतं आणि गावाकडे पाहायचं राहून जातं.

खालचे टप्पे हजार-दीड हजार वस्तीच्या, डोंगराला लागून असलेल्या गावासाठी आहेत. ग्रामपंचायत, एखादा महिला बचत गट आणि पाच-सात होतकरू पोरं एवढ्यावर काम सुरू होतं.

आधी कागदावर पैसा मोजा

समजा एका रविवारी ६० माणसं येतात. जुलै ते फेब्रुवारीअखेर साधारण ३४ रविवार मिळतात. त्यातले मुसळधार पावसाचे, दिवाळीचे, जत्रेचे वजा करून २६ धरा. म्हणजे हंगामाला १,५६० माणसं.

दरडोई खर्च असा धरता येईल: नाश्ता ५० रुपये, जेवण १८०, वाटाड्या ६० (दहा जणांमागे एक, त्याचे ६००), गावनिधी ३०, आणि घरी नेण्यासाठी शेंगदाणे, डाळ, सीताफळ असं काही १०० चं. बेरीज ४२०. आता खरा प्रश्न, यातले गावात राहिले किती? नाश्त्यातले पोहे, तेल, साखर बाहेरची, म्हणून ३० धरा. जेवणातली ज्वारी, डाळ, भाजी, दूध आणि रांधणारीचे हात गावातले. तेल, गॅस, मसाल्याचे ३५ वजा करून १४५ उरतात. वाटाड्याचे ६० आणि निधीचे ३० पूर्ण गावात. मालाचे ८५. एकूण ३५०. हंगामाचे ५ लाख ४६ हजार.

आता दुसरं चित्र पाहा. शहरातल्या आयोजकानं माणशी ९०० रुपये घेतले. त्यात बस, डिझेल, टी-शर्ट, शहरातून बांधून आणलेला नाश्ता आणि त्याचा नफा. गावात उतरले ते जेवणाचे १०० रुपये, तेही एकाच घरात. माणसं तितकीच, वाट तीच. म्हणून काम सुरू करताना किती लोक येतील यापेक्षा आलेल्या माणसाच्या खर्चातला किती वाटा गावात राहील, याची काळजी अधिक करा. आयोजकांना नाही म्हणायचं नाही, ते गर्दी आणतात. त्यांना दरपत्रक द्या आणि अट एकच ठेवा: नाश्ता, जेवण आणि वाटाड्या गावचाच.

वाट निवडताना

पहिली वाट ६ ते ९ किलोमीटरची आणि वळसा घालून त्याच गावात परत येणारी असावी. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं जादा, असा हिशेब करा. ८ किलोमीटर आणि २५० मीटर चढ म्हणजे निव्वळ चालणं अडीच तासांच्या आत. त्यात थांबे, फोटो, धबधबा मिळून एक तास. सकाळी साडेसातला निघालेला गट ११ ला गावात उतरतो. ही वेळ मुद्दाम साधायची आहे. ९ ला मोकळा झालेला माणूस गाडीत बसून शहरात जेवायला जातो. ११ ते १२ च्या दरम्यान भुकेला उतरलेला माणूस भाकरीचा वास आला की बसतो.

दोन टोकांची वाट करायची असेल तर दोन्ही टोकं एसटीच्या मार्गावर हवीत. वेरूळ-खुलताबादसारख्या जोडीत ही सोय आहे. शेवटच्या गाडीची वेळ पाटीवर लिहा आणि दर हंगामाला आगारात जाऊन ती ताडून घ्या.

मराठवाड्यात वाटेचं नशीब माती ठरवते. काळ्या रानातून गेलेली वाट जुलैत घोट्याएवढा चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला पाय मुरगाळणाऱ्या भेगा पडतात. बरड, मुरमाड धस, जुनी गाडीवाट, पाणंद, गायरानाची कड, शिवेवरचा बांध यांवरून वाट न्या. काळ्या मातीचा तुकडा टाळताच येत नसेल तर त्यावर एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड मुरूम टाका. १०० मीटर लांबीला १५ घनमीटर, म्हणजे सव्वापाच ब्रास लागतो. दबल्यावर कमी होतो, म्हणून साडेसहा ब्रास मागवा. मुरूम गौण खनिजात मोडतो, त्याची परवानगी तहसीलमधून आधी घ्या. परवानगीशिवाय उचललेल्या मुरमावर दंड बसला की सगळ्या कामावर बोट ठेवायला लोकांना निमित्त मिळतं.

आणि गाड्या कुठे लावायच्या? बहुतेक गावं डोंगराच्या पायथ्याशी, वाट सुरू होते तिथेच जागा देतात. मग माणूस गाडीतून उतरतो, डोंगर चढतो, उतरतो, गाडीत बसतो आणि जातो. गाव त्याला दिसतच नाही. वाहनतळ गावाच्या अलीकडच्या अंगाला, वेशीबाहेर ठेवा. तिथून वाटेच्या तोंडापर्यंत ३००-४०० मीटर त्याला गावातून चालू द्या: पार, मारुतीचं देऊळ, किराणा दुकान, गिरणी. येताना तो याच गल्लीतून परतेल आणि सावली दिसली की टेकेल. या एका निर्णयाचा फरक जाहिरातीवर उडवलेल्या पैशापेक्षा जास्त पडतो.

परवानगी आणि शेतकऱ्याचा धाक

वाटा बंद पडतात त्या बहुतेक करून एखाद्या बांधावर. ज्याच्या रानातून वाट जाते त्याला वाटतं, आज हौशी लोक चालतात, उद्या वहिवाट सांगतील आणि रस्ता पडेल. ही भीती रास्त आहे. तिला कागदानंच उत्तर द्या. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं हक्कानं, उघडपणे आणि विनातक्रार वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा दावा उभा राहू शकतो. परवानगी घेऊन वापरलेल्या वाटेवर तो राहत नाही. म्हणजे लेखी परवानगी ही शेतकऱ्याच्या फायद्याची आहे, हे त्याला समजावून सांगा.

कागदावर एवढं हवं: गट नंबर, मालकाचं नाव (सातबाऱ्यावर चार भाऊ असतील तर चौघांच्या सह्या), वाटेची रुंदी, कोणत्या महिन्यांत लोक चालतील, परवानगी एका हंगामापुरती आणि मालकाला कधीही काढून घेता येईल, यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि पिकाचं नुकसान झालं तर गावनिधीतून भरपाई. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. ग्रामसभेत ठराव घेऊन त्याची नक्कल मालकाला द्या. मोबदला म्हणून त्याच्या बांधावर त्याचाच रसवंतीचा किंवा ताकाचा ठेला असेल तर पुढच्या वर्षी परवानगी मागायला फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना ठरावासह अर्ज द्या. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर काम तिच्यामार्फतच व्हावं, कारण प्रवेश शुल्क आणि देखभालीची व्यवस्था तिथे बसवता येते. गौताळा औट्रमघाट, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर ही अभयारण्यं आहेत. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. खुणा रंगवणं, झाडं छाटणं तर दूरच. केंद्रीय संरक्षित लेणी किंवा किल्ल्यापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण असतं. शेड, ओटा, शौचालय त्याबाहेरच आखा.

आखणी, पाणी आणि खुणा

वाट ६० ते ९० सेंटिमीटर रुंद पुरे. डोक्यावर अडीच मीटर मोकळं असावं, म्हणजे बाभळीचे फाटे तोंडावर येत नाहीत. चढ शक्यतो दहा मीटरला एक मीटर. त्याहून उभी वाट मुरमात केली तर दोन पावसाळ्यांत तिची नाली होते, कारण पाणी उतरायला सगळ्यात सरळ मार्ग शोधतं आणि आपण तो त्याला आखून दिलेला असतो. म्हणून वाट डोंगराच्या कुशीतून तिरकी न्या, वळणं द्या आणि तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित उतरता ठेवा: एक मीटर रुंदीला चार सेंटिमीटर. उतारावर दर १५-२० मीटरला वाटेत तिरका, ४५ अंशांत दगडांचा आडवा बांध बसवा. दगड दोन-तृतीयांश जमिनीत हवा. वर नुसता ठेवलेला दगड जनावराच्या खुरानं आठवड्यात निघतो. बांधाचं तोंड दरीकडे मोकळं ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसात कुणीतरी छत्री घेऊन वाट चालून पाहा. पाणी कुठे तुंबतं, कुठे वाट कापतं, हे त्या एका तासात जेवढं कळतं तेवढं कोरड्या दिवसांत कळत नाही.

खुणांसाठी ५ बाय १५ सेंटिमीटरचा उभा पट्टा, पांढरा किंवा पिवळा. काळ्या पाषाणावर हे दोनच रंग दुरून उठून दिसतात. दर १०० मीटरला एक खूण, जाताना दिसणारी वेगळी आणि येताना दिसणारी वेगळी. ८ किलोमीटरला १६० खुणा होतात. एका खुणेचं क्षेत्रफळ ७५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १६० खुणांचं १.२ चौरस मीटर, दोन हातांचं २.४. ऑइलपेंटचा एक लिटरचा डबा सांडलवंडीसकट पुरतो. दहा लिटर रंग आणला की पोरं देवळाच्या पायऱ्यांपासून समाधीच्या दगडापर्यंत बाण काढत सुटतात. लेण्यांवर, तटबंदीवर, वीरगळांवर, जिवंत झाडावर रंगाचा थेंब पडता कामा नये.

दगड आधी तारेच्या ब्रशनं घासा, कोरडा असल्याशिवाय रंगवू नका, नाहीतर पहिल्याच श्रावणात पापुद्रे निघतात. आणखी एक, रंगकाम उन्हाळ्यात होतं आणि तेव्हा जमिनीलगतचा दगडही लख्ख दिसतो. सप्टेंबरात पठारावर कमरेएवढं गवत उभं असतं, त्यात तो गडप होतो. खूण जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंच असलेल्या दगडावरच करा. तसा दगड नसेल तिथे दीड मीटरचा दगडी खांब, त्यातला अर्धा मीटर जमिनीत. गुरं त्याला अंग घासतात, त्यामुळे कमी पुरलेला खांब कलतो आणि बाण भलतीकडे दाखवतो. फाट्यांवर लोखंडी पाट्या लावू नका, त्या भंगारात जातात. दोन फूट बाय एक फूट शहाबादी फरशीवर बाण आणि अंतर कोरून ती दगडमातीत बसवा. फरशी प्रत्येक तालुक्याला मिळते, कोरणारा मिळतो आणि तिला चोरून कुणाचं काही भागत नाही.

जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी

इथे हयगय नको. पहिला धोका रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटचा. तो बेकायदेशीर आहे, तरी लोक सोडतात आणि पहाटे बंद करायला विसरतात. वाट पिकाच्या तारेपासून किमान पाच मीटर दूर ठेवा आणि शेजारच्या प्रत्येक शेतकऱ्याकडून लेखी घ्या की झटका सोडणार नाही. दुसरा धोका शेततळ्याचा. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. फोटो काढायला लोक काठावर जातातच. वाट ३० मीटर लांबून न्या आणि काठावर गाठी मारलेला दोर, हवा भरलेली ट्यूब कायम बांधून ठेवा. बिनकठड्याच्या विहिरींचंही तेच.

लेण्यांत, कड्यांवर आग्या मोहळं असतात. सिगारेटचा धूर, चुलीचा जाळ, भडक अत्तर, दगड मारणं यामुळे ती उठतात. मोहळ उठलं तर तोंड झाकून पळत सुटायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. जागेवर आडवं पडायचं नाही, पाण्यात उडी मारायची नाही. हे निघण्याआधी वाटाड्यानं प्रत्येक गटाला सांगायचंच.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. हंगामाआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा की प्रतिविष आहे का आणि रविवारी डॉक्टर असतो का. उत्तर नाही असेल तर पुढचं रुग्णालय किती किलोमीटरवर, हे वाटाड्याच्या खिशातल्या कागदावर हवं. त्याच कागदावर १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १९२६ वनविभाग, आणि वाटेवर कुठे मोबाइलला रेंज येते त्या जागा. ओढा गुडघ्याच्या वर वाहत असेल तर पलीकडे न्यायचं नाही, पैसे परत द्यावे लागले तरी. वरच्या पठारावर पडलेला पाऊस अर्ध्या तासात खाली लोंढा घेऊन येतो.

जेवणाची पाळी

आता सगळ्यात मोठा मिळकतीचा भाग. बचत गटातल्या बारा घरांची पाळी लावा, एका रविवारी तीन घरं. जेवण एकाच प्रकारचं ठेवा: ज्वारीची भाकरी, येसरची आमटी किंवा पिठलं, ठेचा, भाजी, ताक. पनीरच्या फंदात पडू नका. ते शहरात चांगलं मिळतं आणि त्याचे पैसेही शहरातच जातात.

६० माणसांना माणशी अडीच धरून १५० भाकरी. किलोत अकरा होतात, म्हणजे साडेतेरा-चौदा किलो पीठ. एका तव्यावर तासाला पंचवीस भाकरी निघतात. म्हणजे तीन चुली, तिघीजणी, दोन तास. साडेदहाला पहिला तवा चढला तर ११ पासून गरम भाकरी पानात पडते. एकाच घरावर साठ माणसं टाकली की भाकरी आदल्या रात्री थापून ठेवली जाते, चिवट होते, आणि तो गट पुन्हा फिरकत नाही.

नोंदणी शनिवारी दुपारी चारला बंद करा आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या, मोबाइलवरून येते. आगाऊ न घेता रांधलं की वीस सांगतात आणि आठ येतात. उरलेलं अन्न आणि उरलेला राग दोन्ही त्या बाईच्या पदरात. पैसे गटाच्या खात्यात जमा होऊन रांधणाऱ्या घराला सोमवारीच मिळावेत. अन्नविक्रीची छोट्या विक्रेत्यांसाठीची नोंदणी गटाच्या नावानं करून घ्या. पत्रावळी पळसाच्या वापरा, त्या लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही काम मिळतं. बाटलीबंद पाणी ठेवू नका. गाळणयंत्र बसवून लिटरमागे पाच रुपये घ्या.

आणि शौचालय. कुटुंबं, महिलांचे गट, शाळेच्या सहली गावात थांबतात की नाही, हे इथे ठरतं. महिलांसाठी दोन तरी स्वच्छ, आतून कडी लागणारी, बादलीत पाणी आणि झाकणाची कचरापेटी असलेली हवीत. सफाईचे पैसे निधीतून, रोख, त्याच दिवशी द्या. कुलूप लावून किल्ली सरपंचांकडे ठेवलेलं शौचालय नसल्यातच जमा.

गावातल्या दुकानांकडे लोक वळावेत म्हणून एक जुनी युक्ती कामाची आहे. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रावाटेवर चालणारे आपल्या पुस्तिकेवर मुक्कामागणिक शिक्का घेतात. तुम्हीही एक साधं कार्ड छापा, त्यावर चार चौकोन. चार शिक्के चार ठिकाणी ठेवा: वरच्या देवळाशी, गिरणीत, किराणा दुकानात, खवा किंवा पेढ्यांच्या दुकानात. शिक्का दाराशी नको, गल्ल्याशेजारी आत असू द्या. मुलं कार्ड भरल्याशिवाय आईबापांना हलू देत नाहीत. कार्ड भरलेल्याला मूठभर भाजलेल्या शेंगा फुकट.

विकायला जे ठेवाल ते आपल्या रानातलं आणि हंगामातलं. बालाघाटात सीताफळ (बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे), भूम भागात कुंथलगिरीचा खवा, जालन्याकडे मोसंबी, डिसेंबर-जानेवारीत हुरडा. हुरड्याचा माणूस चालणाऱ्यापेक्षा जास्त वेळ बसतो. त्यामुळे हुरड्याच्या दिवसांत चार किलोमीटरची आखूड वाट वेगळी ठेवा.

मुक्काम

पहिल्या वर्षी चार-पाच घरं पुरेत, प्रत्येकी एक खोली. धुतलेल्या चादरी, मच्छरदाणी, मोबाइल चार्ज करायला चालू सॉकेट, आंघोळीला गरम पाणी. रात्री मुक्कामाला राहिलेला माणूस दोन जेवणं, दोन चहा, एक नाश्ता घेतो आणि सकाळी ताजा माल विकत नेतो. दिवसाच्या पाहुण्यापेक्षा त्याचा खर्च सहज तिप्पट होतो. शेतावर सोय करायची असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. वेरूळ-अजिंठ्याजवळच्या गावांनी परदेशी पाहुणा ठेवला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक आहे, ते विसरू नका. गटांना पैसे घेऊन डोंगरात नेणाऱ्यांसाठी २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटन धोरण लागू आहे. वाटाड्यांचा गट त्यात कसा बसतो ते पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात विचारून घ्या.

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. त्या दिवशी संभाजीनगर, फर्दापूर, वेरूळच्या हॉटेलांत राहिलेल्या पाहुण्यांचा एक दिवस रिकामा जातो. त्या हॉटेलांच्या काउंटरवर तुमच्या वाटेचा एक पानी नकाशा ठेवून या. आठवड्यातल्या मधल्या दिवशी आलेली आठ माणसं रविवारच्या साठांपेक्षा वाटेलाही सोसतात आणि घरांनाही.

वर्षाचं चक्र

इथे शहरातले सल्लागार चुकतात. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, नंतर कापसाची वेचणी, जानेवारीत तूर. या दिवसांत रांधायला आणि वाट दाखवायला माणूस सापडत नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार पट्ट्यात तर दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. तिथे जुलै ते ऑक्टोबर हाच खरा हंगाम धरा, म्हणजे कोयता हाती घेण्याआधी घरात पैसा येतो. थंडीतले मोजके गट मागे राहणाऱ्या घरांवर सोपवा. पाळीची यादी करताना कोण कधी गावात असतं, हा पहिला रकाना असू द्या.

मार्च ते जूनअखेर वाट बंद. ऊन चाळिशीपार जातं, आणि टँकरनं पाणी येणाऱ्या गावात पाहुण्यांना आंघोळीला पाणी देणं बरं नाही. या महिन्यांत खुणा रंगवा, बांध बसवा, वणव्यासाठी जाळरेषा काढायला वनविभागाला हात द्या.

हिशेब पारावर

वाट मोडते ती भांडणानं. एका घरातला माणूस वाटाड्या, भाऊ वाहनतळावर, वहिनी खानावळीत, असं झालं की उरलेलं गाव पाठ फिरवतं आणि मग बाण पुसले जातात, पाट्या फुटतात. म्हणून नियम असा करा की एका उंबऱ्याला एकच काम. गावनिधीचे ३० रुपये पावती देऊनच घ्या. वरच्या उदाहरणात ते हंगामाला ४६,८०० होतात. निम्मे वाटेच्या दुरुस्तीला, उरलेल्यांतून सफाई, औषधपेटी, पीक नुकसानभरपाई. दर महिन्याला जमाखर्च पारावरच्या फळ्यावर खडूनं लिहा, कुणी विचारो न विचारो.

माणसं मोजण्यासाठी वाहनतळावर वही ठेवा: तारीख, किती जण, कुठून, एसटी की गाडी. परतताना दर दहाव्या माणसाला पाच प्रश्न विचारा: किती खर्च केला, कशावर केला, काय हवं होतं जे मिळालं नाही, मुक्काम केला असता का, पुन्हा याल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पुढच्या वर्षीचा धंदा. चार-पाच जणांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा मागितला असेल, तर किराणा दुकानात तो असायला हवा.

रविवारी शंभरच्या वर माणसं येऊ लागली की आकडा वाढवू नका. वाट रुंदावते, गवत मरतं, रांधणाऱ्या थकतात. संख्या नोंदणीतच थांबवा आणि शनिवार सुरू करा. याच सुमारास बाहेरचे लोक जमिनी विचारायला येऊ लागतात. वाटेवरचा एखादा गट विकला गेला आणि नव्या मालकानं भिंत घातली तर वर्षभराच्या परवानगीचा काही उपयोग होत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच वाटेचा जास्तीत जास्त भाग गायरान, पाणंद आणि शिवरस्त्यावर सरकवा. अतिक्रमणात गेलेला शिवरस्ता मोकळा करायचा असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून मोजणी मागा आणि पेरणीच्या आधी, रान मोकळं असताना ती उरकून घ्या.